शैक्षणिक कर्जमाफी आणि फराळाच्या ताटावरून उठून गेलेली मुलगी

परसबाग

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या फराळाला आमच्या घरी एक गोष्ट घडली, ती मनातून जात नाहीये म्हणून लिहितेय. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा प्लीज.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, बावीस वर्षं झाली. दिवाळीनंतरच्या शनिवारी ग्रुपमधले सगळे एका घरी जमतात, ह्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, आमच्या बेसमेंटमध्ये होतं. गप्पांत स्टुडंट लोनचा विषय निघाला, कारण एकांचा मुलगा पुढच्या वर्षी मेडिकलला जाणार आहे आणि २०२५ च्या नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस लोन (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज) मिळणार नाही, आणि डॉक्टरकी-वकिलीसारख्या डिग्रीला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर एवढंच. तिथून गाडी बायडनच्या कर्जमाफीवर गेली आणि मग नेहमीचंच सुरू झालं, सही करताना कळत नव्हतं का, आमच्या टॅक्समधून ह्यांची लोनं का फेडायची वगैरे. आणि मीही बोलले. म्हटलं, आम्ही नाही का फेडलं? बाबांचं नाशिकचं घर बँकेकडे गहाण होतं, पोटाला चिमटा काढून पै न पै फेडली, आम्हाला कोणी माफ केलं नाही. मोठ्याने बोलले, चार जणांनी माना डोलावल्या, मला बरं वाटलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत माझ्या मैत्रिणीची मुलगी बसली होती, चौतीस वर्षांची, माझ्यासमोर वाढलेली, सोशल वर्कर आहे. तिने ताट खाली ठेवलं, अर्धी करंजी तशीच होती त्यात, कोट घातला आणि "मावशी, उद्या लवकर उठायचंय" म्हणून निघून गेली. दुसऱ्या दिवशी रविवार होता.

मी फोन केला, तिने उचलला नाही. दोन दिवसांनी तीच आली. भांडायला नाही आली, फोनवर लोनचं अकाउंट उघडून टेबलावर माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, मावशी वाच. (तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही देत नाहीये.)

२००९ मध्ये तिच्या वडिलांची नोकरी गेली तेव्हा ती नुकतीच कॉलेजला लागली होती. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, मग स्टेट कॉलेज, घरचं सेव्हिंग त्यातच संपलं. मास्टर्स केल्याशिवाय ह्या लाइनमध्ये लायसन्स मिळत नाही म्हणून २०१४ ते २०१६ मास्टर्स, त्यासाठी ५२ हजार डॉलर सरकारी कर्ज. मास्टर्सच्या कर्जावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, शिकत असतानासुद्धा, त्यामुळे हप्ता सुरू झाला तेव्हा आकडा ५६ हजारांच्या घरात. पगाराच्या हिशोबाने महिन्याचा हप्ता बसला २१४ डॉलर. व्याज महिन्याला २९४. तिच्या फोनवर एकाखाली एक ओळी होत्या, भरले २१४, व्याजात गेले २१४, मुद्दलात ०.००. पुढचा महिना, मुद्दलात ०.००. मी बोटाने वर सरकवत गेले आणि ते शून्य शून्य शून्य येतच राहिलं. मधली कोविडची साडेतीनेक वर्षं सरकारने हप्ते आणि व्याज थांबवलं होतं, ती सोडून आजवर दहा हजारांच्या वर भरलेत तिने, आणि बाकी आहे साठ हजारांच्या आसपास.

आमचं कर्ज फिटलं कारण नवऱ्याचा पगार डॉलरमध्ये होता आणि कर्ज रुपयांत. हे इतक्या वर्षांत माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

सरसकट माफी असावी का, ह्यावर मी अजूनही साशंक आहे, हे तिलाही सांगितलं. पण मी ज्या सुरात बोलले तो सूर चुकला. मला दोन गोष्टींवर चर्चा हवीये, ह्या माफीबद्दल तुमचं मत काय, आणि असं मत मांडताना समोरच्या माणसाला चोर न ठरवता बोलता येतं का. एकच विनंती, धोरणाला काय बोलायचं ते बोला, माणसांना नावं ठेवू नका.

वाळूचं घड्याळ

परसबाग ताई, मनापासून लिहिलंय. मी विरोधी बाजूचा आहे, ओहायोत अकाउंटंट आहे, चोवीस वर्षं लोकांचे टॅक्स भरतो, त्यामुळे माझी बाजू नीट मांडतो.

२४ ऑगस्ट २०२२ ला जाहीर झालेली बायडनची योजना अशी होती की एकट्याचं उत्पन्न १ लाख २५ हजारांच्या आत किंवा जोडप्याचं अडीच लाखांच्या आत असेल तर १० हजार माफ, आणि ज्यांना गरीब घरच्या मुलांसाठीची पेल ग्रँट मिळाली होती त्यांचे २० हजारांपर्यंत माफ. काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, बजेट ऑफिसने खर्च काढला ४०० अब्ज डॉलरच्या आसपास. आता ह्या देशात पंचविशीच्या पुढच्या दहापैकी सहा माणसांकडे बॅचलर डिग्री नाहीये. माझ्याकडे येणारे ट्रक ड्रायव्हर, प्लंबर, गोदामात काम करणारे ह्यांच्यावर हा भार का? अडीच लाख कमावणारं जोडपं माझ्या प्लंबरपेक्षा गरजू कसं? आणि कॉलेजांनी फी कमी करावी असं त्या योजनेत काहीच नव्हतं, म्हणजे आजची पाटी कोरी केली तरी उद्या जो अठरा वर्षांचा होईल तो पुन्हा तेवढंच कर्ज काढणार. जखम तशीच ठेवून वरून पट्टी बदलण्यासारखं आहे हे.

तुमच्या मैत्रिणीच्या मुलीचं वाचून मात्र वाईट वाटलं. एक प्रश्न, सोशल वर्कर आहे तर पीएसएलएफ का नाही? बुश यांच्या काळात २००७ साली तो कायदा झालाय, सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी करत १२० हप्ते भरले की उरलेलं माफ.

परसबाग

वाळूचं घड्याळ, तिची नोकरी वृद्धांना घरी जाऊन सेवा देणाऱ्या कंपनीत आहे, काम तेच पण कंपनी नफ्यासाठी चालते, त्यामुळे त्यात बसत नाही. तिच्याबरोबर शिकलेली मुलगी काउंटीच्या हॉस्पिटलात आहे, तिचं २०२७ ला संपेल.

खडूफळा

मी मिशिगनमध्ये हायस्कूलला सिव्हिक्स शिकवते. ताईंनी दोन प्रश्न विचारलेत आणि गंमत म्हणजे ते दोन्ही एकाच कोर्टाच्या निकालात एकत्र आलेले आहेत, म्हणून सांगते.

३० जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने ही माफी रद्द केली. सहा राज्यं कोर्टात गेली होती. पहिला वाद हाच की ह्या राज्यांचं नुकसान काय झालं, दावा करायचा हक्क कसा पोचतो. त्यात मिसुरीचं म्हणणं धरलं गेलं, कारण मोहेला नावाची तिथली सरकारी संस्था कर्जांची वसुली बघते आणि तिचं उत्पन्न बुडणार होतं. दुसरा वाद २००३ च्या हिरोज कायद्याच्या दोन शब्दांवर. राष्ट्रीय आणीबाणीत शिक्षणमंत्र्यांना कर्जाच्या अटी सोडून देता येतील किंवा बदलता येतील असं त्यात लिहिलंय. सरन्यायाधीश रॉबर्ट्स म्हणाले बदल म्हणजे किरकोळ फेरफार, एवढी मोठी माफी त्यात मावत नाही, एवढं मोठं करायचं तर काँग्रेसने स्पष्ट सांगायला हवं. न्यायमूर्ती केगन म्हणाल्या शब्द स्पष्टच आहेत, मुद्दाम रुंद ठेवलेत, आणि हा दावा मुळात कोर्टापुढे यायलाच नको होता, कोर्ट स्वतःची हद्द ओलांडतंय. फार कडक लिहिलंय त्यांनी, पहिल्या पानापासून.

आणि मग रॉबर्ट्स यांनी निकालाच्या शेवटी एक परिच्छेद घातलाय तो कर्जावर नाहीच, मतभेदावर आहे. त्याचा आशय असा, की हल्ली निकाल पटला नाही की कोर्टाने मर्यादा सोडली असं म्हणायची पद्धत पडत चाललीये आणि ते अस्वस्थ करणारं आहे, आम्ही ह्या मनापासूनच्या मतभेदाला बदनामी समजत नाही, लोकांनीही तसं समजू नये.

हे मी वर्गात वाचायला देते. मुलांमध्ये दरवर्षी दोन तट पडतात. काही म्हणतात किती सभ्य आहेत ते. आणि गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, मॅम, ज्याच्या हातात सहा मतं आहेत त्याला शांत राहणं सोपं असतं, कर्ज ज्याचं आहे तो ओरडणारच. मी त्या दिवशी घरी येईपर्यंत तेच घोळवत होते. सभ्यपणाची अपेक्षा आपण नेहमी दुखावलेल्याकडूनच करतो का? त्या फराळाला सभ्यपणे वागली ती एकटी तुमच्या मैत्रिणीची मुलगी. तिलाच उठून जावं लागलं.

कडक चहा

एवढं इमोशनल व्हायचं कारण नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत. ६० हजाराच्या पगाराच्या डिग्रीसाठी ५० हजार कर्ज काढणारे आणि मग माफी मागणारे ह्यांना फुकटे म्हणू नाही तर काय म्हणू. आपली मुलं इंजिनिअरिंग करतात, सीएस करतात, कारण आपण त्यांना शिस्त लावतो.

मेसचा डबा

टेक्सासमध्ये एमएस करतोय, खरं तर संपलं, आता ओपीटीवर (डिग्रीनंतर काही काळ काम करायची परवानगी) आहे आणि जॉब शोधतोय. आम्हा एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावाल्यांना इथलं सरकारी कर्ज मिळतच नाही त्यामुळे बायडनची माफी आमच्यासाठी कधीच नव्हती. माझं कर्ज पुण्याच्या बँकेचं, ३८ लाख, ११ टक्क्यांच्या जवळ, बाबा सह-कर्जदार, आमचा कोथरूडचा टू बीएचके तारण. दर सेमिस्टरला पैसे उचलताना डॉलर वर गेलेला असायचा म्हणजे तेवढ्याच फीला जास्त रुपये. डिग्रीनंतर सहा महिने सूट असते ती जानेवारीत संपतेय.

कडक चहा काका, मी सीएसच केलंय. शिस्तीतच केलंय. ४०० च्या वर अप्लाय केले. रात्री बाबांचा फोन येतो तेव्हा ते जॉबचं विचारत नाहीत, जेवलास का विचारतात, आणि मला कळतं की विचारायचं वेगळंच आहे. आईने एकदा चुकून सांगितलं की बाबा बँकेतून आलेलं पत्र दोनदा वाचून कपाटात ठेवतात, कागदपत्रांच्या पिशवीत.

मला माफी नकोय, खरंच, मी फेडणार आहे. पण फुकटे हा शब्द वाचला आणि पोटात गोळा आला. जानेवारीत हप्ता चुकला तर मीही फुकटा होणार का?

दुपारची शिफ्ट

मी नर्स आहे, कॅलिफोर्नियात. हे असं बोलणारे लोक दगडाच्या काळजाचे असतात आणि अशाच लोकांमुळे ट्रंप निवडून येतो, सरळ सांगते. कोविडमध्ये धंदेवाल्यांना पीपीपी लोनं दिली, जवळजवळ ८०० अब्ज, त्यातली बहुतेक माफ झाली, तेव्हा कोणाच्या पोटात दुखलं नाही. ज्या खासदारांनी विद्यार्थ्यांच्या माफीवर आरडाओरडा केला त्यांचीच लाखो डॉलरची पीपीपी लोनं माफ झालेली होती, ऑगस्ट २०२२ मध्ये व्हाइट हाउसने स्वतः नावं आणि आकडे टाकले होते. मोठ्यांची माफी ती मदत आणि पोरांची माफी ती भीक?

वाळूचं घड्याळ

दुपारची शिफ्ट, पीपीपीचा मुद्दा बिनतोड आहे असं खूप जणांना वाटतं पण त्यात एक फरक आहे. ते कर्ज माफ होणार हे कायद्यात पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं, अट एवढीच की ठरावीक भाग कर्मचाऱ्यांच्या पगारावर खर्च करायचा, आधी ७५ टक्के, नंतर ६०. आणि सरकारनेच लोकांना धंदा बंद करायला लावलं होतं. मी स्वतः तीसेक क्लायंटांचे ते फॉर्म भरलेत. त्यात एक टेलर होते, दोन कामगार, बंद दुकानात बसून त्यांचे पगार काढले त्यांनी. पण हेही खरं सांगतो की त्याच वर्षी ज्यांना काडीची गरज नव्हती अशांचेही फॉर्म मी भरले, कायद्यात बसत होते म्हणून, आणि त्यांतल्या एकानेच पुढे माझ्यासमोर बसून विद्यार्थ्यांना शिव्या घातल्या. मी तेव्हा गप्प बसलो. क्लायंट होता.

आणि ताई, मी कुणाला मत देतो ते तुम्हाला माहीत नाही. दगडाचं काळीज म्हणालात ते लागलं. माझा मोठा मुलगा दोन वर्षांत कॉलेज सोडून आला, डिग्री नाही आणि १९ हजारांचं कर्ज आहे. तो तळमजल्यावर राहतो आमच्या. मी माफीच्या विरोधात आहे आणि त्याचे हप्ते मी भरतो, दोन्ही खरं आहे.

दुपारची शिफ्ट

चुकलं माझं. दगडाचं काळीज आणि ते ट्रंपचं वाक्य, दोन्ही मागे घेते. बारा तासांची शिफ्ट करून आले होते आणि कडक चहांचं वाचून डोकं फिरलं, पण राग तुमच्यावर निघाला.

फक्त एक विचारते, तुमच्या मुलाचंच बघा ना. डिग्री नाही आणि कर्ज आहे, सगळ्यात जास्त हप्ते अशाच मुलांचे थकतात. अडीच लाखवाली जोडपी सोडा, अशांसाठीसुद्धा नको? कोरिंथियन कॉलेजांचं आठवतं का, खोट्या नोकऱ्यांची आमिषं दाखवली, २०१५ मध्ये शटर ओढलं, आणि २०२२ मध्ये सरकारने ५ लाख ६० हजार लोकांची कर्जं माफ केली. त्यात माझ्या वॉर्डमधली एक नर्सिंग असिस्टंट होती. ते पत्र आलं त्या दिवशी ती ब्रेकरूममध्ये रडली, आम्हाला आधी वाटलं घरी कोणी गेलं.

वाळूचं घड्याळ

फसवणूक झाली तिथे माफी हवीच, त्यात दुमत नाही. ती मी माफी म्हणणारच नाही, नुकसानभरपाई म्हणेन.

माझा मुलगा फसवला गेला नाही. तो अठरा वर्षांचा होता आणि मी त्याला फॉर्म भरून दिला. मी, इतकी वर्षं अकाउंटंट असलेला. त्याला शिकायची इच्छा होती का हे मी विचारलं नव्हतं.

बांधावरून

मी परभणी जिल्ह्यातला, शेती करतो, अमेरिकेतलं काही कळत नाही पण धागा पहिल्यापासून वाचला. तुमचं भांडण आमच्या पारावर रोज होतं म्हणून लिहितो.

आमचे वडील सोसायटीचं पीककर्ज कधी थकवत नसत. मार्च आला की कुठून तरी हातउसने आणायचे आणि नवं-जुनं करून घ्यायचे. शेजारचे आमचे चुलते, त्यांचं थकलेलं, बोअर आटला, सोयाबीन गेलं, पोरीचं लग्न. २०१७ ला माफी आली, दीड लाखापर्यंत, चुलत्याचा सातबारा कोरा झाला आणि नियमित फेडणाऱ्याला जास्तीत जास्त २५ हजार. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणाले, थकवलं असतं तर बरं झालं असतं का रे. त्यानंतर चुलत्याशी बोलणं बंद, बांध एक, विहीर सामाईक, पण बोलणं बंद. २०१९ च्या माफीत दोन लाखांपर्यंत आणि नियमित फेडणाऱ्याला ५० हजार प्रोत्साहन म्हणून, ते खात्यात यायला २०२२ उजाडलं. पैसे आले तेव्हा वडील मला म्हणाले, सरकारला आपणबी दिसलो म्हणायचं.

म्हणून मला वाटतं जो फेडतो त्याला राग येतो तो पैशाचा नसतो. त्याने जे सोसलं ते कुणी बघितलंच नाही ह्याचा असतो. मग तो राग सरकारवर निघत नाही, कारण सरकार समोर नसतं, चुलता समोर असतो.

परसबाग

बांधावरून दादा, तुमचं वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसती बसून राहिले. मी त्या दिवशी बेसमेंटमध्ये जे बोलले ते हेच होतं. बाबांनी नाशिकला गहाणखताच्या कागदावर सही केली तेव्हा त्यांचा हात थरथरत होता हे मी पाहिलंय, आणि ते मी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि तो सगळा राग त्या पोरीवर काढला जिचा त्यात काही संबंध नव्हता.

कडक चहा, तुम्हाला विनंती आहे, फुकटे हा शब्द काढा. मुद्दा ठेवा.

खडूफळा

बांधावरून, तुम्ही म्हणताय तसंच इथेही घडलंय. जानेवारी २०२० मध्ये आयोवात, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेल्या आणि कर्जमाफीचं आश्वासन देणाऱ्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांच्या सभेनंतर एक वडील त्यांना भेटले. म्हणाले मी काटकसर करून पैसे साठवले, माझ्या मुलीवर कर्ज नाही, मला माझे पैसे परत मिळणार का? त्या म्हणाल्या, अर्थातच नाही. त्या वडिलांचा आवाज चढला, मित्राने गाडी घेतली, सुट्ट्यांना फिरला, मी डबल शिफ्ट केल्या. तो व्हिडिओ देशभर फिरला, एका बाजूने त्यांना हिरो केलं, दुसऱ्या बाजूने स्वार्थी ठरवलं. मला नेहमी वाटतं, त्या "अर्थातच नाही"च्या आधी वॉरन यांनी त्या वडिलांना दोन मिनिटं द्यायला हवी होती, तुम्ही काय काय केलंत ते सांगा म्हणून. धोरण बदललं नसतं त्याने. मी स्वतः माफीच्या बाजूची आहे आणि तरी हे म्हणतेय.

आणि फेडणाऱ्यांनाही एक सांगावंसं वाटतं, हे खेळाचे नियम कायम असेच नव्हते. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत १९७६ पर्यंत तिथल्या मुलांना ट्यूशन नव्हती. विद्यार्थ्यांना सरकारी मदत आणि कर्ज देणारा १९६५ चा हायर एज्युकेशन कायदा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी टेक्सासमध्ये सॅन मार्कोसला स्वतःच्या कॉलेजात जाऊन सही केला, तिथे शिकताना ते स्वतः छोटी-मोठी कामं करून आणि उसने पैसे घेऊन शिकले होते. पूर्वी दिवाळखोरीत बाकी कर्जांसारखं हेही कर्ज सुटायचं, १९७६ च्या कायद्याने त्यावर अटी आल्या आणि १९९८ पासून तर अतिशय कठीण हलाखी कोर्टात सिद्ध केल्याशिवाय सुटतच नाही. क्रेडिट कार्डवर उधळलेले पैसे सुटतात, कॉलेजचे सुटत नाहीत. वाळूचं घड्याळ, तुम्हाला माफी नको आहे हे मान्य, पण हे बदलायला तुमची ना आहे का?

वाळूचं घड्याळ

नाही, ह्याला माझी हरकत नाही. दहा वर्षं प्रामाणिकपणे भरल्यानंतर दिवाळखोरीचा रस्ता खुला असावा, त्यात किंमत कर्ज देणारा आणि घेणारा दोघांना मोजावी लागते. आणि हप्ता भरूनही मुद्दल वाढणं हे अकाउंटंट म्हणून मला मुळीच पटत नाही. नव्या कायद्यातल्या रॅप ह्या उत्पन्नावर हप्ता ठरवणाऱ्या प्लॅनमध्ये वेळेवर हप्ता भरला तर न भागलेलं व्याज चढत नाही, तेवढी एक गोष्ट त्यात चांगली केलीये. पण उरलेलं माफ व्हायला तीस वर्षं लागतात.

कडक चहा

शब्द मागे घेतो. वरचा प्रतिसाद आता बदलता येत नाहीये, म्हणून इथे लिहितोय. मेसचा डबा, तुला उद्देशून नव्हतं आणि तुझं वाचल्यावर कुणालाच उद्देशून म्हणू नये असं वाटलं. मी ८९ साली आलो, दोन सूटकेस घेऊन, तेव्हा फीच इतकी कमी होती की कॅम्पसच्या कॅफेटेरियात काम करून भागायचं. खडूफळांचं वाचेपर्यंत तो माझा गुण आहे असं मी धरून चाललो होतो. माफी मला अजूनही पटत नाही.

मेसचा डबा, तुझा रेझ्युमे मला मेसेज कर. डॅलसला आमच्या जुन्या टीममध्ये दोन जागा आहेत असं ऐकलंय, ओपीटी चालतं का विचारून सांगतो. शब्द देत नाही, पण विचारतो.

मेसचा डबा

काका पाठवला. थँक्यू.

दुपारची शिफ्ट

परसबाग ताई, त्या मुलीचं पुढे काय झालं? ती परत आली का तुमच्याकडे?

परसबाग

काल आली होती. मी तिला धागा दाखवला, सगळा वाचला तिने, मराठी वाचायला वेळ लागतो तिला, अर्धा मी मोठ्याने वाचून दाखवला. बांधावरून दादांच्या वडिलांचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, मावशी, मला पण कुणी म्हणालं नाही गं की तू नऊ वर्षं भरतेयस.

ती सेव्ह प्लॅनमध्ये (बायडनच्या काळातला, उत्पन्नावर हप्ता ठरवणारा) होती, तो कोर्टात अडकला, २०२४ च्या उन्हाळ्यापासून हप्ता थांबलेला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून व्याज मात्र परत सुरू झालंय, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. वाळूचं घड्याळ, तुम्हाला विचारायचं होतं, तिने आता काय करावं? वाट बघावी का?

वाळूचं घड्याळ

वाट बघू नका. सेव्हमध्ये बसून राहिली तर व्याज चढतंय आणि ते महिने माफीच्या मोजणीतही धरले जात नाहीत. तिचं पहिलं कर्ज जुलै २०१४ नंतरचं आहे, म्हणजे नव्या नियमाच्या आयबीआरमध्ये, उत्पन्नावर हप्ता ठरवणाऱ्या जुन्या प्लॅनमध्ये, बसेल, हप्ता गरिबी रेषेच्या दीडपटीवरचं जे उत्पन्न त्याच्या १० टक्के, आणि उरलेलं २० वर्षांनी माफ, जुन्या हप्त्यांची वर्षं धरून. जुलै २०२६ ला रॅप सुरू झाला की दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून बघू, व्याजाच्या दृष्टीने तो बरा पडू शकतो पण तिची सातएक वर्षं जमा असतील तर तीस वर्षांच्या प्लॅनमध्ये घाईने उडी मारू नये. लग्न झालेलं नाहीये ना? मग फक्त तिचंच उत्पन्न धरतील.

आणि एक काम आजच करायला सांगा. सरकारच्या स्टुडंट एडच्या साइटवर लॉगिन करून आजवरच्या सगळ्या हप्त्यांची नोंद उतरवून घ्या, आणि सर्व्हिसरच्या (कर्जाची वसुली बघणाऱ्या कंपनीच्या) साइटवरचीही, प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट. सर्व्हिसर बदलला की जुन्या नोंदी कधी कधी पुढे जातच नाहीत, मुलाच्या वेळी मी तीन महिने भांडलोय. रविवारी दुपारी मी मोकळा आहे, तिला चालणार असेल तर व्हिडिओ कॉलवर फॉर्म सोबत भरू. २०२४ चा टॅक्स रिटर्न हाताशी ठेवायला सांगा.

परसबाग

विचारलं तिला. रविवारी दोन वाजता, माझ्याकडेच बसतोय. रिटर्न शोधतेय ती.